न्हाणीघराच्या दाराशी मुकादम

पुडी उघडून अक्कांनी त्यातले पांढरे कण बोटावर घेतले आणि कुणाला काही कळायच्या आत ते बोट जिभेला लावलं.

ग्रंथपालांच्या कपातला चहा बशीत आला. समोर बसलेली तरुण शिक्षिका अर्धवट उठली.

"अहो, ते विष आहे," ती म्हणाली. मग सवयीने तिने स्वतःचंच वाक्य तपासलं. "म्हणजे, असावं."

"मीठ आहे," अक्का म्हणाल्या. "पुढे बोल."

अक्कांची सगळी हयात विमा कंपनीत गेली होती. जळालेली गोदामं पाहायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गोदामं सुटली, पण लोक सुटले नाहीत. ज्याच्या घरात काही न उलगडणारं घडे, तो अक्कांचा जिना चढे. धाकटे बंधू निवृत्त ग्रंथपाल. साठी उलटली तरी अक्का त्यांना बाळ म्हणत आणि प्रत्येक कामगिरीवर सोबत नेत. यात आपला उपयोग काय, हा प्रश्न ग्रंथपालांना नेहमी पडे. विचारण्याचं धाडस मात्र कधी झालं नाही, कारण उत्तर काय येईल याची त्यांना धास्ती होती.

शिक्षिका भूगोल शिकवत होती, आणि तिच्या घरी सरडा होता. साधासुधा नव्हे, इग्वाना जातीचा, अंगाने मांजरापेक्षा मोठा आणि शेपटी धरली तर जवळजवळ माणसाच्या उंचीचा. कॉलेजात असताना तळहातावर मावेल एवढा आणला होता. पुढे तो वाढत गेला आणि घरातली सर्वांत उंच फळी त्याने आपली मानली. तिथे बसून तो दिवसभर इतरांची कामं बघे आणि स्वतः इकडची काडी तिकडे करत नसे, म्हणून त्याचं नाव मुकादम. इतर मुली सासरी येताना भांडीकुंडी आणतात, हिने मुकादम आणला. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं.

आणि आता मुकादम खंगत चालला होता. पायांची बोटं थरथरत, जबडा मऊ पडलेला, फळीवर चढता येत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की हाडांतलं कॅल्शियम कमी झालंय. या प्राण्याला तीन गोष्टी लागतात. पाल्यावर भुरभुरलेली कॅल्शियमची पूड, ऊब देणारा दिवा, आणि एक खास नळी, दिसायला ट्यूबलाइटसारखी. उन्हात जे अदृश्य किरण असतात ते ही नळी देते. ते अंगावर पडले नाहीत तर खाल्लेली पूड हाडांना लागतच नाही.

"तिन्ही गोष्टी मी जातीने पाहते," शिक्षिका म्हणाली. "नळीतले किरण हळूहळू संपतात. ती पेटते, पण मग नुसती दिव्यासारखी. म्हणून मी ती वेळेवर बदलते. या सत्राच्या सुरुवातीलाच नवी लावली. डॉक्टर म्हणाले, मग खाण्यात काहीतरी आहे. आणि परवा मला बाथरूमच्या दाराशी, अगदी खाली, ही पांढरी पूड सापडली."

"जुनी नळी काय करतेस?"

"माळ्यावर आहे, नवीच्या खोक्यात. टाकायची राहिलीय." या प्रश्नाचा विषाशी काय संबंध, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते ग्रंथपालांच्याही चेहऱ्यावर असावं.

घरात चौघं. ती, नवरा, सासूबाई आणि नणंद. ती सकाळी शाळेला जाते. नवरा शीतगृहात रात्रपाळीला असतो, ती निघते तेव्हा तो येतो. दोघांची गाठ दारात, पहारा बदलणाऱ्या शिपायांसारखी. म्हणजे दिवसभर मुकादम इतरांच्या हवाली.

"माझी बॅग भरलेली आहे," ती शेवटी म्हणाली. आवाज वर्गातला होता, पण हात मांडीवर घट्ट जुळलेले होते. "घरातलं कुणी त्याला मारतंय असं निघालं, तर मी त्याला घेऊन आईकडे जाणार. परत येण्यासाठी नाही. पण आधी मला खरं कळलं पाहिजे. उगाच कुणावर आळ घेऊन जायचं नाही."

ती गेल्यावर अक्कांनी बंधूंना कामाला लावलं. ग्रंथपाल जुन्या वाचनालयातून सरड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि मोठ्याने वाचू लागले. अंगातलं जास्तीचं मीठ हा प्राणी नाकातून शिंकरून टाकतो, हे त्यात होतं. त्यामुळे तो जिथे बराच वेळ बसतो तिथे पांढरे डाग पडतात. डोक्यावर त्याला तिसरा डोळा असतो, नुसता उजेड-अंधार कळण्यापुरता. माणसाला न दिसणारे उन्हातले किरण त्याला दिसतात आणि तो ते शोधत जातो. नर रागावला की गळ्याखालची झालर फुगवतो.

"मागचं एक वाक्य परत वाच," अक्का म्हणाल्या.

ग्रंथपालांनी झालरीचं वाचलं. अक्कांनी मान हलवली आणि शाल घेतली. तेवढ्यात आपण चुकीचं वाक्य वाचलं असावं असं ग्रंथपालांना वाटलं, पण कोणतं बरोबर होतं ते विचारायचं राहून गेलं.

रविवारची सकाळ होती, सगळे घरीच होते. मुकादमची खोली पाहून ग्रंथपाल उंबऱ्यातच थबकले. फांद्या, फळ्या, कोपऱ्यात पाण्याची परात, आणि जमिनीजवळ एका गादीवर तो. कातडी मळकट, पाठीवरचे काटे एका बाजूला कललेले. त्याने एक डोळा वळवून ग्रंथपालांकडे पाहिलं. सभेत मागच्या रांगेतल्या माणसाकडे अध्यक्ष पाहतात तसं ते पाहणं होतं. ग्रंथपालांनी नकळत नमस्कार केला.

अक्का मात्र छताकडे बघत होत्या. उबेचा दिवा लागलेला होता, हात वर धरला तर कळत होतं. शेजारी लांब नळीही छान पेटलेली होती. तिची दोन्ही टोकं काजळी धरल्यासारखी काळवंडली होती. "दिवे तर लागलेत सगळे," ग्रंथपाल म्हणाले. "हो, लागलेत," अक्का म्हणाल्या.

स्वयंपाकघरात सासूबाई भोपळा चिरत होत्या, अगदी बारीक. आपल्याला तो प्राणी आवडत नाही हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. आवडावा असं त्यात आहे काय, पाहुणे आले की दारातून परत जातात. पण जनावराला विष घालण्याइतकी आपली मती फिरलेली नाही, आणि हा भोपळा कुणासाठी चिरतेय असं वाटतं?

अक्कांनी कॅल्शियमच्या पुडीचा डबा मागितला. पिठासारखी पांढरीशुभ्र पूड. ग्रंथपालांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डबा स्वयंपाकघरात, पीठही स्वयंपाकघरात, आणि चिरणारा हात नावडीचा. उलगडलं की. पण अक्कांनी बशीत चिमूटभर पूड घेऊन वर लिंबू पिळलं, तर ती फसफसून उठली.

"पीठ असतं तर गप्प बसलं असतं," अक्का म्हणाल्या. "पूड खरी आहे."

ग्रंथपालांनी आपली पाल गुपचूप परत आत घेतली.

आपल्यावरचा संशय फिटल्यावर सासूबाईंची जीभ सैल सुटली. मुकादमला आता नवीनच खोड लागलीय म्हणाल्या. फळीवर चढवत नाही, पण सकाळ झाली की खुरडत खुरडत पार मागच्या बोळापर्यंत जातो आणि न्हाणीघराच्या दाराशी पसरतो. खालच्या फटीला नाक लावून. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची बाथरूमपर्यंत. आत माझा मुलगा आंघोळ करतोय आणि बाहेर हा. लाजबीज काही नाही."

"तुम्ही आत असलात की येतो?"

"माझ्यासाठी कशाला येईल मेला? मी काय, दोन तांबे घेतले की बाहेर. मुलगाच हल्ली नवरीसारखा तासन्‌तास आत. थंडीतून आलेला असतो म्हणून मी बोलत नाही."

नणंद चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि उन्हाची खोली मुकादमला गेल्यामुळे तिला मागची अंधारी मिळाली होती. याबद्दल तिने कुणाला माफ केलं नव्हतं. दुपारचा पाला तीच घालत असे. घालते की नाही, असं अक्कांनी सरळच विचारलं. तिने बाही वर करून शेपटीच्या फटक्याचा वळ दाखवला. पाला घातल्याची यापेक्षा चांगली पावती कुठली असणार, असं तिचं म्हणणं. मुकादमचं पोटही भरलेलं होतं, ते अक्कांनी पाहिलंच होतं.

"तुला तो जायला हवाय?"

"मला माझी खोली हवीय. तो राहू दे की हॉलमध्ये, टीव्ही बघत." मग हसून म्हणाली, "या घरात सगळेच तऱ्हेवाईक आहेत, हो. दादाचं बघा. रात्रभर शीतगृहात बटाटे राखतो, दिवसा झोपतो, आणि मध्यंतरी माझ्याकडे गॉगल मागितला. म्हणे, सगळ्यात काळा दे. ऊन कधी बघितलंय का त्याने?"

हात धुण्याच्या निमित्ताने अक्का न्हाणीघरात गेल्या. ग्रंथपाल टॉवेल धरून उभे राहिले. आरशावर एक लांब नळी होती, मुकादमच्या खोलीतल्या नळीएवढीच. नळी बसवलेल्या पत्र्यावर धुळीचा थर होता. नळीवर मात्र धूळ नव्हती, फक्त दोन्ही टोकांना बोटांचे ठसे. दाराच्या खालच्या फळीवर बाहेरून पांढरे ठिपके होते, पुष्कळ, एकावर एक.

"मीठ," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाले.

"तू आणलेल्या पुस्तकामुळे कळलं," अक्का म्हणाल्या, आणि ग्रंथपालांना दिवसाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शेवटी नवरा. उंच, हळू बोलणारा माणूस. पूर्ण बाह्यांचा सदरा, डाव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. थंडीने कातडी फुटली, शीतगृहात असं होतं, असं त्याने सांगितलं. अक्कांनी फारसं विचारलं नाही. त्यानेच विचारलं, मुकादम बरा होईल ना, किती दिवस लागतील. ते विचारणं खोटं वाटत नव्हतं. मग तो वाकला, मुकादमला पोटाखाली हात घालून उचललं आणि हळुवारपणे खालच्या फळीवर ठेवलं. उचलताना त्याची डावी बाही मागे सरली. पट्टीच्या वरचा हात सावळा-तांबडा झालेला होता. उन्हात क्रिकेट खेळणाऱ्या पोराचा असतो तसा. कोपराखाली तो रंग फूटपट्टीने रेघ मारल्यासारखा सरळ संपत होता.

थंडीने काय काय होतं माणसाला, असं ग्रंथपालांच्या मनात आलं.

अक्कांनी सगळ्यांना मुकादमच्या खोलीत बोलावलं. सासूबाई विळी बाजूला ठेवून आल्या, नणंद दाराला टेकली. शिक्षिका मुकादमच्या शेजारी उभी राहिली, एखाद्या पालकासारखी, निकाल ऐकायला आलेल्या.

"विष कुणीही घातलेलं नाही," अक्का म्हणाल्या. "पूड खरी आहे, लिंबाने सांगितलं. पाला पोटात जातोय, हे पोटाने सांगितलं. दाराजवळचं ते मीठ आहे, ते त्याचं स्वतःचंच. पण त्या मिठाने मला विचारात पाडलं. एवढं मीठ साचायचं तर तो तिथे रोज, बराच वेळ बसत असला पाहिजे. ज्याला फळीवर चढवत नाही, तो घरभर खुरडत न्हाणीघराच्या दाराशी कशाला जाईल? सासूबाई आत असताना जात नाही. मुलगा आत असतानाच जातो."

"माणूस ओळखतो तो," नणंद म्हणाली.

"माणूस नाही. उजेड. बाळ, पुस्तकातलं झालरीच्या आधीचं वाक्य सांग."

ग्रंथपालांना ते आठवलं. "माणसाला न दिसणारे उन्हातले किरण त्याला दिसतात. आणि तो ते शोधत जातो."

"दाराच्या फटीतून ते बाहेर येत होते. आपल्याला नुसता उजेड दिसतो, त्याला ऊन दिसत होतं. म्हणजे ती खास नळी या खोलीत नव्हती, तिथे होती. मग इथे काय पेटतंय? वर बघा. या सत्रात लावलेल्या नव्या नळीची टोकं इतकी काळी होतील? ही जुनी आहे. किरण संपलेली, पण पेटणारी. जात तीच, वर छापलेली अक्षरं तीच, म्हणून रोज बघूनही कुणाला कळलं नाही. नवी माळ्यावर आहे, जुनी ठेवली होती त्या खोक्यात. ती रोज सकाळी खाली येते, आरशावरची साधी नळी उतरते, ही चढते, आणि काम झालं की परत जाते. त्या साध्या नळीवर म्हणूनच धूळ नाही. पुढचं सोपं आहे. ऊन न बघणाऱ्या माणसाला काळा गॉगल लागतो. थंडीत काम करणाऱ्याचा हात उन्हात रापल्यासारखा होतो, आणि तो रंग जिथे टॉवेल ठेवलेला असतो तिथे रेघेवर थांबतो."

सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिलं. सासूबाई म्हणू लागल्या की काहीतरीच काय, माझा मुलगा कशाला सरड्याच्या दिव्याखाली बसेल, आणि मध्येच थांबल्या.

"का, ते मला कळलंय असं वाटतं," अक्का म्हणाल्या. "पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

मग नवरा हातावरची पट्टी सोडू लागला. एका हाताने ते जमेना, तरी त्याने कुणाला मदत मागितली नाही. पट्टी गळून पडली. हाताच्या पाठीवर, बोटांच्या पेरांवर पांढरे डाग होते, आणि डागांभोवतीची कातडी भाजून लाल झाली होती.

"लग्नानंतर दोन महिन्यांत पहिला डाग आला," तो खाली बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात येऊन असल्याच किरणांखाली बसावं लागेल. तिथे बाहेर बाकं आहेत. सगळं गाव येतं-जातं. मला वाटलं, घरात नळी आहे. थोडे दिवस, डाग गेले की परत लावीन. त्यालाही जुनी आहेच की, पेटते तर. मग डाग काही जाईनात."

त्याने बायकोकडे पाहिलं नाही. "तू मला पसंत केलंस तेव्हा हे नव्हतं."

शिक्षिकेचा चेहरा ग्रंथपालांना वाचता आला नाही. त्यांना पुस्तकं वाचता येत, चेहऱ्यांचं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ती बोलली तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"मुकादम दाराशी यायचा तेव्हा तुला कळायचं?"

"कळायचं. नखांचा आवाज यायचा."

"आणि तू दार उघडलं नाहीस."

"नाही."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नणंद दारातून सरळ झाली. या घरात आता काय होणार, हे त्या एका शब्दावर ठरत होतं आणि तो कुणालाच परत घेता येत नव्हता. ग्रंथपालांना वाटलं, अक्कांनी काहीतरी बोलावं. पण जळालेल्या गोदामातही मालक आपला माल पाहत असताना त्या गप्प उभ्या राहत.

शिक्षिकेने मुकादमच्या पाठीवरून हात फिरवला. मानेवर कात सुटायला आली होती, पांढरट पापुद्रे निघत होते. तिने ते ओढले नाहीत, बोटाने नुसते सारखे केले. मग ती नवऱ्यासमोर आली, त्याचा डावा हात धरला आणि उजेडाकडे वळवून नीट पाहिला. डागाची कड अंगठ्याने चाचपली.

"भाजलाय हात. दुखतो?"

"थोडा."

"खोटं बोलू नकोस."

"दुखतो," तो म्हणाला.

"उद्या मी अर्धी रजा टाकते. दवाखान्यात त्या बाकावर मी बसेन तुझ्याबरोबर. ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, तर उत्तर मी देईन." ती थांबली. "डागांचं मला काही वाटत नाही. नखांच्या आवाजाचं वाटतं. ते आज माझ्या मनातून जाणार नाही, उद्याही जाणार नाही. ते तुला ऐकून घ्यावं लागेल."

"घेईन."

"नळी आण."

तो माळ्यावरून खोकं घेऊन आला. नणंदेने न सांगता खटका बंद केला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. उंच माणूस वर चढला, भाजलेल्या हाताने काळ्या टोकांची नळी उतरवली आणि नवीची टोकं खाचेत शोधू लागला. स्टूल डगमगलं. खाली उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि नळी बसेपर्यंत सोडलं नाही.